गणितमहर्षी लेओनार्ड ऑयलर

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. बहुधा ती व्यक्ती आपल्या ज्ञातीतील, निदान आपल्या प्रांतातील तरी असते, आणि ते योग्यच होय. यंदा संपादक मंडळाच्या अनुमतीने हा प्रघात किंचित मोडून, स्वित्झर्लंड देशात जन्मलेल्या व रशियात देह ठेवलेल्या एका गणितज्ञाचे चरित्र आम्ही ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवीत आहो. आमचे सारे आयुष्य मराठी शाळेत मुलांना अंकगणित शिकविण्यात गेले. मूळ संख्या, विभाजक, घात हे जे विषय आपली मुले शाळेत शिकतात आणि परीक्षा संपताच विसरतात, त्यांच्याच बळावर ह्या पुरुषाने, दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेल्यानंतर, एका प्रचंड संख्येविषयीचा सव्वाशे वर्षे पडून राहिलेला प्रश्न निकालात काढला. त्याचे नाव लेओनार्ड ऑयलर.

ती संख्या कोणती हे प्रथम सांगितले पाहिजे. बुद्धिबळाच्या पटाच्या पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, अशी दुप्पट मागणी करून राजाचे कोठार रिते करणाऱ्या पंडिताची गोष्ट वाचकांनी लहानपणी ऐकली असेलच. त्या पटाच्या एकतिसाव्या घरापाशी आपण थांबलो, तर तोवर जमलेल्या सर्व दाण्यांची संख्या २,१४,७४,८३,६४७ इतकी भरते. गणिताच्या भाषेत ही २ चा ३१ वा घात वजा १ होय. आता प्रश्न असा की, एवढ्या दाण्यांचे सारखे ढीग करता येतील काय? एकेका दाण्याचे ढीग किंवा सर्वांचा मिळून एकच ढीग हे दोन प्रकार अर्थात सोडून द्यावयाचे. चार घरांचे दाणे १५ होतात. त्यांचे पाचपाचांचे तीन ढीग पडतात. तीन घरांचे ७ आणि पाच घरांचे ३१ यांचे मात्र तसे ढीग पडत नाहीत. ज्या संख्येचे असे ढीग पडत नाहीत, तिला आपण मूळ संख्या म्हणतो. घरांची संख्याच मूळ नसेल, तर दाण्यांची संख्या मूळ असू शकत नाही, हे फार पूर्वीपासून ठाऊक होते. म्हणून २, ३, ५, ७ अशा घरांचीच परीक्षा करावयाची. तेथवर सर्व ठीक चालते. पण ११ घरांचे दाणे २०४७ होतात आणि २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९! नियम सापडला असे वाटते न वाटते तोच तो असा हातातून निसटतो.

पॅरिस येथील मेरसेन नावाच्या एका विद्वान मठवासी साधूने १६४४ साली एक यादी प्रसिद्ध केली. २५७ पर्यंतच्या कोणत्या घातांनी अशी मूळ संख्या मिळते ते त्याने तीत सांगितले होते. त्या यादीत ३१ होता. सिद्धता मात्र नव्हती. एवढ्या मोठ्या संख्येचे विभाजक तपासण्यास त्या काळी कोणास सवड व साधन होते? मेरसेनसारखा माणूस म्हणतो म्हणून लोकांनी मान डोलावली, इतकेच.

ऑयलरचा जन्म १७०७ च्या एप्रिल महिन्याच्या १५ तारखेस बाझेल शहरी झाला. त्याचा पिता पॉल हा ख्रिस्ती धर्मोपदेशक असून त्याने तरुणपणी याकोब बेर्नूली या नामांकित गणितज्ञाची व्याख्याने ऐकली होती. जवळच्या रीहेन गावी त्याची नेमणूक झाल्यामुळे मुलाचे बालपण त्या खेड्यात गेले, आणि गणिताचे पहिले धडे त्यास पित्याकडूनच मिळाले. तेराव्या वर्षी तो बाझेलच्या विद्यापीठात दाखल झाला. तेथे याकोबचा धाकटा बंधू योहान बेर्नूली अध्यापक होता. ऑयलरने त्याच्याकडे खाजगी शिकवणीची विनंती केली. परंतु बेर्नूलीने सवड नसल्याचे सांगून काही कठीण ग्रंथ नेमून दिले, आणि वाचताना जे अडेल तेवढे शनिवारी दुपारी येऊन विचारण्याची मोकळीक दिली. गुरूस उगाच त्रास नको म्हणून शिष्य आठवडाभर खपून जमेल तेवढ्या शंका स्वतःच सोडवी. आमच्या मते आजच्या भरमसाट शिकवण्यांच्या दिवसांत पालकांनी ह्या शनिवारच्या दुपारीचा अवश्य विचार करावा. मुलाने आपल्याप्रमाणेच धर्मोपदेशक व्हावे अशी पित्याची इच्छा होती. बेर्नूलीने मध्यस्थी केली आणि तो मार्ग टळला.

वीस वर्षांचा ऑयलर १७२७ साली रशियाच्या राजधानीत, सेंट पीटर्सबर्ग येथील नव्या विज्ञानसंस्थेत रुजू झाला. गुरुपुत्र डॅनियल बेर्नूली तेथे आधीच होता. तो १७३३ साली मायदेशी परतल्यावर गणिताची मुख्य जागा ऑयलरकडे आली. पुढच्याच वर्षी त्याने काटारीना ग्झेल या चित्रकारकन्येशी विवाह केला. त्यांस तेरा अपत्ये झाली, पण पाचच बालपण ओलांडून मोठी झाली. मांडीवर मूल आणि पायाशी दुसरी मुले खेळत असता तो लिहीत बसे, असे त्याच्याविषयी सांगतात. तेरांपैकी आठ अपत्यांचा वियोग सोसलेल्या घराचे हे चित्र आहे, हे वाचकांनी विसरू नये.

ह्या मोठ्या संख्यांकडे त्याचे लक्ष वेधले ते गोल्डबाख नावाच्या स्नेह्याने. १७२९ च्या डिसेंबरात त्याने पत्राने विचारले की, फर्मा या फ्रेंच न्यायाधीशाचे एक विधान तुम्हास ठाऊक आहे काय? फर्मा हा न्यायदानातून उरलेल्या वेळात गणित करणारा विलक्षण बुद्धीचा मनुष्य. २ चा पहिला, दुसरा, चौथा, आठवा, सोळावा असे दुप्पट होत जाणारे घात घेऊन प्रत्येकात १ मिळविला, तर येणारी प्रत्येक संख्या मूळच असते, असे त्याचे मत होते. ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ ह्या पाचही संख्या खरोखरच मूळ आहेत. पुढची संख्या ४,२९,४९,६७,२९७. पाच साक्षीदार एकमुखाने बोलत असता सहाव्यावर कोण संशय घेणार? ऑयलरने प्रारंभी विशेष उत्साह दाखविला नाही. मात्र नंतर तो ह्या विषयाच्या मागे लागला आणि १७३२ साली त्याने दाखवून दिले की, ह्या संख्येस ६४१ ने पूर्ण भाग जातो व भागाकार ६७,००,४१७ येतो. घरातील मुलांनी हा गुणाकार एकदा पाटीवर करून पाहावा. पाच मिनिटांचे काम आहे, परंतु फर्मासारख्या पुरुषाचे विधान ज्या एका उदाहरणाने कोसळले, ते आपल्या हाताने केल्याचे समाधान त्यात मिळेल.

६४१ हाच विभाजक कसा हाती लागावा, ह्याचे मर्म त्याने पुढे प्रसिद्ध केलेल्या एका सिद्धांतात आहे. ह्या संख्येचा कोणताही मूळ विभाजक असलाच, तर त्यास ६४ ने भागिले असता बाकी १ च उरली पाहिजे. म्हणजे तपासावयाच्या मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१ ह्या क्रमाने येतात, आणि पाचव्याच प्रयत्नास यश मिळते. नुसता भागाकार करीत सुटणे हे हमालाचे काम झाले; कोणते भागाकार करण्याची गरजच नाही हे आधी सिद्ध करणे, हे गणितज्ञाचे. ऑयलरची थोरवी ह्या दुसऱ्या गोष्टीत आहे असे आम्हांस वाटते. तथापि तारुण्याच्या भरात तोही एकदा चुकला. दाण्यांच्या संख्यांपैकी ४१ आणि ४७ घातांच्या संख्याही त्याने मूळ म्हणून दिल्या होत्या. पुढे त्या दोन्ही संयुक्त ठरल्या. ४१ घाताच्या संख्येस तर १३३६७ ने भाग जातो.

१७३८ च्या सुमारास आजारपणानंतर त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. तो स्वतः नकाशांच्या बारीक कामास दोष देई. काम मात्र थांबले नाही. त्याच १७३८ साली त्याचे एक लहानसे टिपण दुसऱ्या एका विद्वानाच्या ग्रंथास जोडून छापले गेले. त्याचा विषय होता हिंदू लोकांचे सौर वर्ष! आपल्या पंचांगाची माहिती इतक्या दूर, बर्फाच्या प्रदेशात पोचली होती, हे वाचून आमच्याप्रमाणेच वाचकांसही कौतुक वाटेल. आपल्या देशाशी त्याचा आणखी एक संबंध येतो. ६१ ने एखादा वर्ग गुणून त्यात १ मिळविला असता पुन्हा वर्गच आला पाहिजे, अशा जातीचे एक समीकरण आहे. युरोपात ते पेल या इंग्रज गणितज्ञाच्या नावाने ओळखले जाते, आणि पेलचा त्याच्याशी फारसा संबंध नसताना हे नाव रूढ होण्यास ऑयलरच कारण झाला. वास्तविक आपल्या भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास बीजगणितात चक्रवाल पद्धतीने नेमके ह्याच ६१ चे उत्तर काढले होते. मूळ वर्गाची बाजू २२,६१,५३,९८० आणि येणाऱ्या वर्गाची १,७६,६३,१९,०४९. ज्यांच्या नातवाने, चांगदेवाने, कोरविलेला शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे, तेच हे भास्कराचार्य. ऑयलरला त्यांचे हे काम माहीत असते तर त्याने नाव वेगळे दिले असते, अशी आमची समजूत आहे. कारण दुसऱ्याचे श्रेय दडविण्याचा दोष त्याच्या अंगी नव्हता.

१७४१ साली प्रशियाच्या फ्रेडरिक राजाच्या बोलावण्यावरून तो बर्लिनला गेला व तेथे पंचवीस वर्षे राहिला. ह्या कालखंडात ग्रंथांवर ग्रंथ झाले. मात्र राजास दरबारात चतुर बोलणारी, फ्रेंच रीतीची मंडळी हवी होती. ऑयलर हा साधा, श्रद्धाळू, घरी मुलाबाळांसह नित्य प्रार्थना करणारा गृहस्थ. त्याच्या एका डोळ्यावरून राजा त्याची थट्टाही करी. राजेलोकांस विद्वान लागतात ते बहुधा शोभेसाठीच. अखेर १७६६ मध्ये रशियाची राणी कॅथरिन हिच्या आमंत्रणावरून तो सहकुटुंब पीटर्सबर्गला परतला.

परतल्यावर लवकरच दुसऱ्या डोळ्यात मोतीबिंदू वाढला आणि जग जवळजवळ अंधारले. मोठ्या पाटीवर खडूने काढलेली ठळक अक्षरे काय ती दिसत. त्या अवस्थेत त्याने बीजगणितावर एक प्राथमिक ग्रंथ तोंडी सांगितला. लिहून घेणारा पोरगा मूळचा शिंपीकाम करणारा, गणिताचा गंधही नसलेला. परंतु सांगण्याची पद्धत अशी सुबोध की, ग्रंथ पुरा होईतो त्या पोरास बीजगणित येऊ लागले. शिक्षकाच्या कौशल्याची याहून कठोर परीक्षा आम्हांस तरी ठाऊक नाही. १७७१ साली शहरात मोठी आग लागली व ऑयलरचे घर तिच्या तडाख्यात सापडले. पेटर ग्रिम नावाच्या, बाझेलहून आलेल्या नोकराने ज्वाळांतून आत शिरून त्या अंध वृद्धास खांद्यावर उचलून बाहेर आणिले. ग्रंथसंग्रह जळाला, हस्तलिखिते बहुतांशी वाचली. त्याच वर्षी मोतीबिंदूवर शस्त्रक्रिया झाली. काही दिवस त्यास दिसू लागले, घरात आनंद झाला. पण पुढे डोळा बिघडला, वेदना झाल्या आणि उरलेली दृष्टीही गेली.

ह्यानंतरच्या वर्षी, १७७२ मध्ये, योहान बेर्नूलीच्याच एका समनामिक नातवास त्याने कळविले की, २,१४,७४,८३,६४७ ही संख्या मूळ असल्याचे आपण तपासून पाहिले आहे.

हे कसे साधले ते पाहण्याजोगे आहे. एखाद्या संख्येस विभाजक असेल, तर त्यातील एक तिच्या वर्गमुळाहून मोठा असू शकत नाही, हे शाळेतील मुलासही समजते. आपल्या संख्येचे वर्गमूळ ४६,३४० च्या आसपास येते. तेव्हा तेथपर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी भागून पाहिले की झाले. परंतु अशा मूळ संख्या पावणेपाच हजारांहून अधिक आहेत! डोळस माणसासही आयुष्याचा कंटाळा यावा असे ते काम. ऑयलरने दोन चाळण्या लाविल्या. पहिली चाळणी अशी की, विभाजकास ६२ ने, म्हणजे ३१ च्या दुपटीने, भागिले असता बाकी १ उरली पाहिजे. वर सांगितलेल्या ११ घरांच्या उदाहरणात हे ताडून पाहावे: ११ ची दुप्पट २२, आणि २३ व ८९ या दोहोंस २२ ने भागिले असता बाकी १ च उरते. दुसरी चाळणी अशी की, विभाजकास ८ ने भागिले असता बाकी १ किंवा ७ उरली पाहिजे. २३ ची ७ उरते, ८९ ची १. दोन्ही चाळण्या एकत्र केल्या म्हणजे विभाजकास २४८ ने भागून बाकी १ अथवा ६३ एवढीच संभवते. असे आकडे ४६,३४० पर्यंत पावणेचारशेच्या आतबाहेर निघतात, आणि त्यांतील मूळ संख्या तर शंभराच्या आतच. हजारो भागाकारांचे काम अशा रीतीने शंभराच्या आत आले. त्यांपैकी एकानेही पूर्ण भाग जात नाही. मेरसेनचे विधान ३१ पुरते खरे निघाले. पण आता ते मेरसेनच्या नावावर विसंबून राहिले नाही.

त्याची स्मरणशक्ती अलौकिक होती हे खरे. दोन शिष्यांच्या लांबलचक बेरजांत पन्नासाव्या स्थानी फरक पडला असता त्याने तोंडी हिशेब करून कोण बरोबर ते सांगितले, अशी कथा आहे. पण नुसत्या स्मरणशक्तीवर हा निकाल लागला नसता. चाळण्या आधी होत्या, म्हणून अंधारात चालता आले.

ह्या निकालाचा एक लाभ प्राचीन विषयास झाला. ६ चे विभाजक १, २, ३ यांची बेरीज पुन्हा ६ च येते. २८ चीही गोष्ट तशीच. अशा संख्यांस परिपूर्ण संख्या म्हणतात. युक्लिडने दोन हजार वर्षांपूर्वी दाखविले होते की, दाण्यांची एकूण संख्या मूळ असेल तेव्हा शेवटच्या घरातील दाण्यांनी तिला गुणिले असता परिपूर्ण संख्या मिळते. तीन घरांचे ७, शेवटच्या घरातील ४; गुणाकार २८. आपल्या एकतीस घरांवरून अशी एकोणीस अंकी परिपूर्ण संख्या मिळाली: २३०५८४३००८१३९९५२१२८. उलट बाजूने, प्रत्येक सम परिपूर्ण संख्या ह्याच रीतीची असते हेही ऑयलरने सिद्ध केले. तो लेख त्याच्या मृत्यूनंतर १८४९ साली छापला गेला. विषम परिपूर्ण संख्या आहे की नाही, हे अद्याप कोणीही ठरवू शकलेले नाही.

१७७३ साली काटारीना निवर्तली. तीन वर्षांनी त्याने तिच्याच सावत्र बहिणीशी विवाह केला. शिष्य व पुत्र भोवती बसत, तो बोले व ते लिहीत. शेवटल्या सतरा वर्षांत त्याच्या एकूण लेखनाचा फार मोठा भाग अशा रीतीने झाला. १७८३ च्या सप्टेंबर महिन्याच्या १८ तारखेस त्याने विमानाप्रमाणे वर चढणाऱ्या फुग्याचे गणित केले, भोजनसमयी लेक्सेल या सहकाऱ्याशी नुकत्याच सापडलेल्या युरेनस ग्रहाच्या कक्षेविषयी बोलणे झाले. सायंकाळी नातवाशी खेळता खेळता, चहा घेत असता, मेंदूत रक्तस्राव होऊन तो बेशुद्ध पडला आणि त्याच रात्री त्याचे देहावसान झाले. साडेआठशेहून अधिक ग्रंथ व लेख त्याने मागे ठेविले. त्यांचे समग्र प्रकाशन १९११ साली सुरू झाले आणि त्याचे खंड ऐंशीच्या घरात गेले. १९५६ साली त्याचे अवशेष पीटर्सबर्गमधील, त्या वेळच्या लेनिनग्राडमधील, अलेक्झांडर नेव्हस्की मठाच्या दफनभूमीत आणून ठेवण्यात आले.

त्या संख्येचे पुढे काय झाले? पाऊण शतकाहून अधिक काळ ती ज्ञात मूळ संख्यांत सर्वांत मोठी राहिली. बार्लो नामक इंग्रज लेखकाने १८११ साली असेही भाकीत केले की, तिच्यापासून मिळणारी परिपूर्ण संख्या ही अखेरचीच. ह्या संख्या नुसत्या कुतूहलाच्या, उपयोग काही नसल्यामुळे कोणी पुढे जाणारच नाही. भाकीत फसले. १८७६ साली लुकास या फ्रेंच गणितज्ञाने ३९ अंकी मूळ संख्या सिद्ध केली, आणि १८८३ साली पर्वूशिन नावाच्या रशियन ग्रामपुरोहिताने मेरसेनच्या यादीत सुटलेला ६१ चा घात शोधून काढला. त्याच यादीतील ६७ आणि २५७ हे चुकीचे ठरले. २०२४ साली तर यंत्रांच्या साह्याने चार कोटी दहा लक्षांहून अधिक अंकांची ह्याच जातीची मूळ संख्या सापडली.

उपयोगाविषयीही बार्लो चुकला असे म्हणता येईल. बत्तीस खुणांच्या जागेत संख्या साठविणाऱ्या संगणकात एक जागा अधिक-उणे चिन्हासाठी जाते, उरतात ३१; आणि त्यांत मावणारी सर्वांत मोठी संख्या म्हणजे नेमकी आपली २,१४,७४,८३,६४७. अनेक संगणक १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजून वेळ ठेवितात. जुन्या रचनेच्या यंत्रांत ती मोजणी ह्या संख्येपाशी संपते. तो क्षण १९ जानेवारी २०३८ रोजी आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी येईल, आणि तत्पूर्वी ती यंत्रे अधिक रुंद जागेची करून घेण्याचे काम जगभर चालू आहे.